संताजींनी भरलेली जागा

“मॅडमजी, एक जगह सुटली होती, ती भरून टाकली,” असं संताजी म्हणाले तेव्हा मी पोह्यांवर शेव घालत होते, आणि घालतच राहिले. घरात चार दिवसांपासून रंगकाम चाललं होतं, दिवाळीला तीन आठवडे होते, भिंतींवर जागा सुटतात आणि रंगारी त्या भरतात, यात विशेष ऐकण्यासारखं काही नव्हतं. बरं केलंत, मी म्हटलं. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. बशी हातात घेऊन ते ओट्यापाशी तसेच उभे राहिले. संताजी आमच्याच शहरातल्या मल्हारगंजचे, मराठीत हिंदी मिसळून बोलणारे, तीन पिढ्या घरं रंगवणारे, वयाने माझ्याएवढेच असतील, आणि कौतुकाची वाट कशी बघायची हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. “एकदा शेड बघून घ्या ना,” ते म्हणाले. “पांढऱ्यात चार-चार रंग मिळवले तेव्हा कुठे मॅच झाला. तुमची ती पॅसेजमधली बडी पेंटिंग आहे ना, तिच्यात.” माझा चमचा शेवेच्या डब्यातच राहिला. बुधवार होता, सकाळचे साडेनऊ झाले होते, आणि शुक्रवारी अकरा वाजता विद्यापीठात माझी तोंडी परीक्षा होती.

मी चित्रकलेची शिक्षिका आहे. पंचवीस वर्षं एका शाळेत सफरचंदाची सावली कोणत्या बाजूला पडते ते मुलांना सांगते आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी मला पीएच.डी.चं खूळ लागलं. विषय घेतला, अमूर्त चित्र ही विचार करण्याची रीत. आमच्या विद्यापीठात नुसता प्रबंध लिहून भागत नाही, चित्रंही काढून दाखवावी लागतात, आणि मला तेच हवं होतं. सात वर्षांत सात चित्रं झाली. सहा प्रबंधात गेली, सातवं प्रबंध दिल्यानंतर पुरं झालं. माझे मार्गदर्शक हृषीकेश सर माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत, मला शुभदाताई म्हणतात आणि माझी काळजी करतात. ताई, थोडी थिअरी टाका, असं ते म्हणत राहिले, म्हणून मी अवकाश, अनुपस्थिती, मौन असे शब्द मुठी भरभरून टाकले. टाकताना मला लाज वाटत होती, पण पानं भरत होती. मग नागपूरच्या परीक्षक भानुमतीबाईंचा अहवाल आला. दोन पानं चांगलं लिहिलं होतं आणि शेवटी एक ओळ होती. चित्र काढून असं काय कळलं, जे चित्र न काढता कळलं नसतं, ते संशोधिकेने तोंडी परीक्षेत सांगावं; काय वाटलं ते नको. ही ओळ मी दोन महिने उशाशी घेऊन झोपत होते. मुदत दोनदा वाढवून झाली होती, महिनाअखेर नोंदणी संपत होती. उत्तर देता आलं नाही तर सात वर्षं पाण्यात. आणि उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

तर मी पॅसेजमध्ये गेले आणि मला ती जागा सापडली नाही. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यातून निघालं. चित्र सहा फूट उंचीचं, चार फूट रुंद, उभं घसरू नये म्हणून ते पॅसेजच्या भिंतीशी आडवं टेकवून ठेवलेलं. पूर्ण करडं. त्यात तळहाताएवढी एक जागा मी कोरी ठेवली होती, नुसतं कापड, रंगाचा एक हातही नाही. ती माझी जागा. मी ती ठेवली होती, तीन महिने तिच्याभोवती काम केलं होतं, आणि आता खिडकीच्या भरपूर उजेडात तीन पावलांवर उभी राहून मी ती शोधत होते. नजर कडेकडेने गेली, मधून गेली, परत आली. सगळीकडे माझं करडं होतं. सात-आठ सेकंदच गेले असतील, पण एवढा वेळ आपलाच हात आपल्याला दिसू नये तसं झालं. शेवटी मी मनातल्या मनात चित्र उभं केलं, डाव्या कडेपासून एक वीत, खालून दोन विती, असं हाताने मोजत गेले आणि बोट ठेवलं. तिथे रंग किंचित थंड लागला. आत ओल होती.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, संताजींनाही सोपं गेलं असतं. मी फक्त विचारलं, मला विचारलं का नाही. ते खरोखर बुचकळ्यात पडले. “विचारायचं काय त्यात? बाकी सगळी भरलेली, एक तेवढीच राहिलेली. मला लगा, परीक्षेच्या गडबडीत राहून गेली,” ते म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, “शेड जुळला नाही का?” जुळला होता. इतका जुळला होता की मी सात वर्षं रंग मिळवते आहे, मला जमला नसता. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी बशी अर्धी ठेवून ब्रश धुवायला घेतले आणि मला स्वतःचा राग आला आणि त्यांचाही आला, दोन्ही सारखेच. खरवडावं म्हटलं तर कोरं कापड रंग पिऊन बसलेलं. नवं चित्र करावं म्हटलं तर एकेका चित्रावर मी चाळीस-चाळीस थर देते, दोन दिवसांत चार होतील. शुक्रवारी भानुमतीबाईंसमोर मी हे न्यायचं, ज्यात माझी एकमेव खरी गोष्ट एका सज्जन माणसाने पुसून टाकली आहे. मी पालथी बादली ओढली आणि चित्रासमोर बसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

आतल्या खोलीत बाबांचा रेडिओ चालू होता. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. रघुवीर ड्राफ्ट्समन म्हणून एके काळी त्यांना शहराच्या सगळ्या कचेऱ्यांत ओळखत. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, आजोबाही तिथेच, आणि बाबा नगररचनेत नकाशे काढायचे. त्यांच्या नकाशावरची गल्ली जागेवर जाऊन मोजली तर वीतभरही चुकायची नाही, असं त्यांचे साहेब सांगत. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढं कळतं. बादलीवर बसून मी बाबांचा विचार करत नव्हते. मी कोऱ्या जागेचा विचार करत होते. पहिल्या चित्रात ती अगदी मधोमध होती, मोठी, ताटाएवढी. दुसऱ्यात जरा खाली आली. मग प्रत्येक वेळी थोडी लहान, थोडी खाली, थोडी डावीकडे. हे मी ठरवलं नव्हतं. हृषीकेश सरांनी विचारलं होतं तेव्हा मी अनुपस्थितीवर दोन पानं लिहून दिली होती. काळा रंग मी सात वर्षांत एकदाही वापरला नाही, निळा आणि विटकरी मिळवून माझं करडं होतं, त्याच्यावरही एक पान लिहिलं होतं. ते सगळं वाचून भानुमतीबाईंनी ती एक ओळ लिहिली, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. हात एका गोष्टीकडे सरकत होता आणि मी त्याच्या मागून शब्द उधळत चालले होते. खाली आणि डावीकडे. आता त्या जागी संताजींचं करडं होतं आणि नजर तिथून घसरून पुढे जात होती. मी पुन्हा पुन्हा तिथे बघत होते आणि पुन्हा पुन्हा शेजारी पोचत होते. खाली, डावीकडे. स्कूटरवर मागे बसलं की डावीकडे खाली रस्ता दिसतो.

मी सत्तावीस वर्षांची होते, शाळेत नुकती लागले होते, आणि बाबा मला रोज स्कूटरवरून सोडायचे. सकाळचे सात वाजले असतील. स्नेहलतागंजच्या वळणावर डावीकडच्या गल्लीतून एक दूधवाला सायकलवर येत होता. निळी सायकल, दोन्ही बाजूंना कॅन. मला तो चांगला दिसला. मला वाटलं, आता बाबा ब्रेक लावतील. मला इतकं नक्की वाटलं की मी काही बोलले नाही, आणि हे न बोलणं मी पुढे पंचवीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. बाबांनी ब्रेक लावला नाही. जोरात नाही, हळूसुद्धा नाही, जणू समोर काहीच नाही असे ते सरळ त्याच्यावर गेले. दूध रस्त्यावरून पलीकडच्या गटारापर्यंत गेलं. माणसाचा पाय मोडला. पोलीस चौकीत बाबा म्हणाले, तिथे कोणी नव्हतं, रस्ता मोकळा होता. चार माणसं उभी होती, कपडे दुधाने भिजलेला दूधवाल्याचा भाऊ होता, आणि मी त्या सगळ्यांसमोर म्हटलं, बाबा खोटं बोलतायत, मला दिसला तर त्यांना दिसलाच असणार. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग लिहून घेणारा म्हणेल तिथे सही केली. पुढे त्या दूधवाल्याचा रतीब बाबांनीच घरी लावला. तो लंगडत फाटक उघडायचा आणि बाबा स्वतः भांडं घेऊन बाहेर जायचे. आई म्हणायची, बघ, मनाला लागलंय त्यांच्या. मी म्हणायचे, गुन्हा केला की लागतंच.

दोन वर्षांनी काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, बराच जुना. डॉक्टरांनी मशीनवर नजर तपासली आणि कागद आमच्यापुढे ठेवला. कागदावर करड्या ठिपक्यांत एक काळाकुट्ट डाग होता, खाली, डावीकडे. इथे तुम्हाला काळं दिसत असेल, डॉक्टर म्हणाले. “नाही,” बाबा म्हणाले. “काळं काही नाही. तिथे तुमची भिंत दिसते.” डॉक्टर माझ्याकडे बघून हसले, म्हातारी माणसं हट्टी असतात तसं, आणि थेंब लिहून दिले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तो काळा डाग राहिला. मी हिशेब मांडला की एवढा डाग डोळ्यांपुढे घेऊन हा माणूस स्कूटर चालवत होता. निवृत्तीला थोडे महिने उरलेले, नकाशे काढणाऱ्याचे डोळे गेले हे कचेरीत कळायला नको, म्हणून चालवत राहिला, मला मागे बसवून. रिक्षात मी म्हटलं, तुम्हाला कळत होतं. ते म्हणाले, नव्हतं कळत. मी बाहेर बघायला लागले. त्याला तेवीस वर्षं झाली. या तेवीस वर्षांत मी त्यांच्या डोळ्यांत दिवसातून तीनदा थेंब घातले आहेत, पेरूच्या बिया काढून फोडी दिल्या आहेत, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवलेला नाही.

पॅसेजमधलं ऊन सरकून चित्राच्या निम्म्यावर आलं होतं. मी नजर मोकळी सोडली. माझ्या करड्यावर ती ठिकठिकाणी अडत होती, कुठे खालचा विटकरी थर वर आलेला, कुठे ब्रशचा एक केस चिकटलेला, कुठे दोन थरांचं एकमेकांशी पटलेलं नाही. चाळीस थरांच्या भांडणातून ते करडं झालं होतं. संताजींच्या जागी कसलंच भांडण नव्हतं. रंग बरोबर होता, आणि इतका बरोबर होता की डोळ्याला तिथे काही कामच नव्हतं. तिथे भोक नव्हतं. तिथे काळं नव्हतं. तिथे भिंत दिसत होती. मी बादलीवरून उठले आणि पुन्हा बसले. मघाशी मी, ही जागा करणारी, ती कुठे आहे हे ठाऊक असणारी, तीन पावलांवरून, भरपूर उजेडात ती बघू शकले नव्हते, आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की आपल्याला काही दिसत नाही आहे. मला पूर्ण चित्र दिसत होतं. बाबांना पूर्ण रस्ता दिसत होता. त्यांच्या डोळ्यामागे कुणीतरी संताजी बसलेला होता, सज्जन, कामसू, आजूबाजूचा शेड बघून सुटलेली जागा चोख भरून देणारा, आणि तो कधी विचारत नाही. डॉक्टरांच्या कागदावरचा काळा डाग मशीनचा होता. बाबांच्या नजरेत तो कधी नव्हताच.

मला हसू आलं. मग ते थांबेना. सात वर्षं माझा हात ती जागा शोधत होता, वळणावरच्या त्या दूधवाल्याकडे इंचाइंचाने सरकत होता, आणि शोधून झाल्यावर मी ती दरवेळी कोरी ठेवत होते, म्हणजे न दिसणं हे रिकामं दिसतं असंच सांगत होते. डॉक्टरांची चूक मी सात वेळा गिरवली. काळा रंग तेवढा वापरला नाही, तेवढं बाबांचं ऐकलं होतं हाताने. सातही चित्रं चुकीची होती, आणि एकाच रीतीने चुकीची, आणि त्यामुळेच शेवटच्या चित्रात फक्त तेवढं एक बदललं तेव्हा उत्तर समोर आलं. प्रयोगशाळेत आणखी वेगळं काय करतात. संताजी ब्रश हातात घेऊन दारात आले, माझ्याकडे बघून घाबरले, आणि म्हणाले, रडू नका मॅडमजी, मी काढून देतो सगळं. मी त्यांना म्हटलं, हात लावलात तर बघा. मग म्हटलं, शेड उत्तम जुळलाय, असा मी आजवर पाहिला नाही. त्यांनी उरलेले पोहे गरम करून मागितले.

बाबा रेडिओवर हात ठेवून बसले होते. आवाज कमी केला की त्यांना रेडिओ गरम आहे की नाही यावरून तो चालू असल्याचं कळतं. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि विचारलं की सुरुवातीला, डोळे बरे होते असं वाटायचं तेव्हा, त्या गेलेल्या जागी काय दिसायचं. आता कशाला, ते म्हणाले. मी म्हटलं, मला हवंय. “जे बाजूला असेल तेच,” ते म्हणाले. “पडदा असला तर पडदा. आकाश असलं तर आकाश. कुठे काही कमी आहे असं वाटायचंच नाही.” मग त्यांनी एक सांगितलं जे मी कधी ऐकलं नव्हतं. अपघाताच्या आधी काही महिने त्यांच्या एका नकाशात डाव्या कोपऱ्यातली गल्ली राहून गेली होती. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी मूळ कागद दाखवला तर बाबा म्हणाले, साहेब, इथे गल्ली नाही, मोकळी जमीन आहे. साहेबांना वाटलं थकले आहेत. मी विचारलं, हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत. कोणी विचारलं नाही, ते म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती, तारीख सांगावी तसं ते बोलले. मला तिथेच त्यांचे पाय धरावेसे वाटले. पण त्यांना खोटं मी चौकीत चार लोकांसमोर ठरवलं होतं, घरात नव्हे; ते मागे घ्यायचं तर तेही चार लोकांसमोरच. शुक्रवारी परीक्षेला चला, एवढंच मी म्हटलं. ते म्हणाले, मला काय दिसणार तिथे. मी म्हटलं, ऐकायला चला.

गुरुवार मी चित्रासमोर काढला, पण आता काम वेगळं होतं. भरलेली जागा ओळखायची कशी, हे मला हवं होतं. रोखून बघितलं की ती निसटते. जवळ गेलं तरी निसटते. दुपारपर्यंत मला रीत सापडली. ती इतकी साधी होती की मी ती तीन वेळा करून पाहिली, मग संताजींच्या भिंतींवर करून पाहिली, आणि बैठकीच्या भिंतीत खिळ्याची दोन बुजवलेली भोकं सापडली, जी त्यांनी मला सांगितली नव्हती.

शुक्रवारी मी आणि बाबा रिक्षाने निघालो आणि संताजी चित्र धरून मागच्या लोडिंग रिक्षात. राजेंद्र नगरच्या चौकात त्यांनी ती थांबवून पेढे घेतले. निकालाच्या आधी पेढे नको, मी म्हटलं. ते म्हणाले, भिया, आमच्याकडे हे कुणालाही म्हणतात, बाईमाणसालाही, काम फर्स्ट क्लास झालंय, फेल कोण करतं. सभागृहात वीसेक माणसं होती. भानुमतीबाई पासष्टीच्या, केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात. त्या हसल्या नाहीत. हृषीकेश सरांचा चेहरा माझ्याहून उतरलेला होता. बाईंनी प्रबंध मिटला आणि आपला प्रश्न जसाच्या तसा तोंडी विचारला. मी म्हटलं, उत्तर देते, आधी एक काम करावं लागेल. हे चित्र माझं आहे, पण यातली तळहाताएवढी एक जागा माझी नाही. परवा आमच्या घरी रंगकाम करणाऱ्या संताजींनी ती भरली. ती कुठे आहे ते शोधून द्या. विभागप्रमुख खुर्चीत मागे रेलले. “मॅडम, परीक्षा आपकी है कि हमारी?” ते म्हणाले, पण उठले तेच सगळ्यात आधी.

तिघेजण चित्रासमोर उभे राहिले. तिघांनीही आयुष्यभर चित्रंच पाहिलेली. विभागप्रमुखांनी वरचा एक पट्टा दाखवला, तो माझा होता. हृषीकेश सरांनी, ज्यांनी हे चित्र अर्धं असताना तीनदा पाहिलं होतं, मधली जागा दाखवली, तीही माझीच. भानुमतीबाई चष्मा लावून जवळ गेल्या, काढून लांब गेल्या, आणि म्हणाल्या, मला काही वेगळं दिसत नाही. मग मी संताजींना बोलावलं. ते ऐटीत पुढे आले, वाकले, चित्र आडवं होतं तेव्हाचं आठवून मान वाकडी केली, दोन ठिकाणी हात नेला आणि मागे घेतला. मग ते सरळ झाले आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, “मलाच नाही सापडत आता. इतकी साफ बसली आहे.” सभागृह हसलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट ते फुलून गेले होते. मी भानुमतीबाईंना म्हटलं, बघू नका. नजर सोडून द्या आणि ती कुठे-कुठे अडते ते मोजा. डोळा सगळीकडे थोडा अडखळतो. जिथे एकदाही अडखळत नाही, जिथे तुम्हाला सगळं अगदी ठीक वाटतं, तिथे बोट ठेवा. बाईंचे ओठ आकडे मोजत हलत होते. मिनिट गेलं असेल. मग त्या चार पावलं पुढे आल्या, थोड्या वाकल्या आणि डावीकडे, खाली, कापडावर बोट टेकवलं. मी म्हटलं, तसंच दाबून धरा, आणि हृषीकेश सरांना चित्रामागे पाठवलं. मागच्या कापडावर माझ्या थरांचा सगळीकडे मळकट डाग होता आणि एकाच ठिकाणी ताजा पांढुरका. सरांचा आवाज मागून आला. “बाईंचं बोट डागाच्या बरोबर मध्ये आहे,” ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा तेच म्हणाले.

मग मी बोलले. दहा मिनिटं बोलले असेन. अवकाश, मौन, यातला एक शब्द आला नाही. स्कूटर आली, दूध आलं, चौकी आली. काळा डाग आणि भिंत आली, नकाशात राहिलेली गल्ली आली. सात चित्रं कशी चुकत गेली आणि कुठे चुकत गेली ते एकेक करून सांगितलं, आणि मला एकदाही खाली बघावं लागलं नाही. भानुमतीबाईंनी चष्मा काढला. “हे डोळ्यांच्या डॉक्टरांना माहीत असणार,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “ती जागा आपोआप भरली जाते, हे त्यांना माहीत असेल. भरलेली जागा ओळखायची कशी, हे मला माहीत आहे. आणि पंधरा मिनिटांपासून तुम्हालाही.” मग त्या पहिल्यांदा हसल्या, अगदी थोड्या, आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर त्यांनी सही केली. तो सहीचा आवाज मला तिथे उभ्या जागी ऐकू आला आणि माझ्या अंगातून सात वर्षांचा शीण एकदम उतरला. मी जिंकले होते. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, निष्कर्षाचं प्रकरण तुमचं पडेल आहे, ते काढून टाका. त्याऐवजी एक वाक्य लिहा, आत्ता, आणि वाचून दाखवा.

मला विचार करावा लागला नाही. मी लिहिलं आणि कागद घेऊन मागच्या रांगेकडे तोंड केलं. तिथे बाबा मांडीवर पेढ्यांचा पुडा धरून, आवाज येईल तिकडे कान करून बसले होते. मी वाचलं, पंचवीस वर्षांपूर्वी स्नेहलतागंजच्या वळणावर माझ्या वडिलांपुढचा रस्ता मोकळा होता. मला वाटलं होतं बाबा रडतील, किंवा मान हलवतील. त्यांनी पुडा शेजारच्या खुर्चीवर ठेवला, खुर्चीचा हात धरून उभे राहिले, आणि कचेरीत कुणाचा नकाशा तपासताना बोलत त्याच आवाजात बोलले.

“शुभे, मोकळा नव्हता. तो माणूस होता तिथे. मोकळा दिसला, असं लिही.”

मी टेबलाशी वळले, ‘होता’ खोडलं आणि ‘दिसला’ लिहिलं. भानुमतीबाईंनी कागद घेऊन अहवालाला टाचला. सात वर्षांच्या कामात एकूण तेवढी एक दुरुस्ती निघाली, आणि ती मान्य झाली.